आईच्या आजारांचा रकाना

सोमवार, २ ऑक्टोबर

दवाखान्यात फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, वेळ तीन आठवड्यांनंतरची आहे, तोवर रोज लिहून ठेवा: पाळी कधी आली, किती दिवस राहिली, अंगातून वाफा किती वेळा आल्या, झोप किती तास लागली. मी विचारलं, तक्ता करून आणू का. ती म्हणाली, "बाई, कसंही आणा, पण आणा." म्हणून ही वही.

पाळी: जुलैत आली नाही. ऑगस्टमध्ये दोनदा. सप्टेंबरमध्ये तेरा दिवस. वाफा: आज सहा. झोप: चार तास, तीही तुकड्यातुकड्यांनी.

वय सत्तेचाळीस. आई जाऊन दोन महिने झाले. मला वाटत होतं, हे सगळं त्याचंच आहे. आमच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाई म्हणाल्या, "दुःखाने माणूस रडतं. घामाने भिजलेली उशी पिळायला लागत नाही. दाखवून या."

रविवार, ८ ऑक्टोबर

वाफा चार. पाळी नाही.

दादाकडे जेवायला गेले. दार वहिनींनी उघडलं. अंगात आईचा करडा स्वेटर होता, कोपरावर आईनेच रफू केलेला. मी रफूकडे बघत राहिले. त्याच म्हणाल्या, "कपाटात ठेवून कसर लागण्यापेक्षा म्हटलं घालावा. तुम्हाला हवाय का, वन्सं?" मी नको म्हटलं. हवा होता. त्यांच्या अंगावरून उतरवलेला नको होता.

जेवताना वहिनी आईच्याच गोष्टी काढत होत्या. आई असं म्हणायच्या, आईंना हे चालायचं नाही. सांगता सांगता रडायला लागल्या. दादाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू खंबीर आहेस म्हणून बरं आहे."

वहिनींची स्वतःची आई जिवंत आहे. दोन तासांच्या अंतरावर राहते, ठणठणीत आहे. त्यांना दोन आया मिळाल्या, आणि आता माझ्या वाट्याचं रडणंही त्याच रडून घेतात. हे लिहिताना लाज वाटते. पण वही माझी आहे.

जेवतानाच वाफ आली. कपाळ, मान, सगळं भिजलं. वहिनींनी उठून खिडकी उघडली. नंतर भांडी आवरताना हळूच म्हणाल्या, "किती दिवस चाललंय?"

"काय?"

"वन्सं, मी पन्नाशीची आहे. मला विचारताय काय?" मग स्वतःच सांगायला लागल्या. दोन वर्षं त्या पट्टी लावतात, औषधाची. कमरेखाली. "कुठे ते तुमच्या दादालाही मीच दाखवलं, त्याला वाटलं मला लागलंय." हसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या डॉक्टरीणबाईंकडे चला. पहिल्या वेळी आईच आल्या होत्या माझ्याबरोबर. मी लाजत होते, सगळे प्रश्न त्यांनीच विचारले."

माझी आई. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा तिने एक पुडकं हातात दिलं आणि म्हणाली, "हे वापर आणि शाळेत जा." त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांत त्या विषयावर आमच्यात एक वाक्य झालं नाही. आणि सुनेसाठी ती डॉक्टरांपुढे बसून प्रश्न विचारत होती.

"मी दुसरीकडे वेळ घेतलीय," मी म्हटलं.

"हो का. बरं." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सोमवार, २३ ऑक्टोबर

वाफा पाच. काल पाळी आली, फार जाते आहे.

आज दवाखाना. डॉक्टरांच्या आधी नर्सने चार पानांचा फॉर्म दिला. पहिली दोन पानं सोपी होती. तिसऱ्या पानावर "कुटुंबातील आजार". आईची पाळी कितव्या वर्षी थांबली. आई, बहीण, मावशी यांपैकी कोणाला स्तनाचा कॅन्सर, हाडं ठिसूळ होणं, पक्षाघात, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी. प्रत्येकापुढे रिकामा रकाना.

मला बहीण नाही. मावशी नाही. आईबद्दल मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मांडीचं हाड मोडलं होतं ते माहीत आहे, गेल्या हिवाळ्यात, आणि शेवटी छातीत कफ भरला ते. त्याच्या आधीची तिची सत्तर-पंचाहत्तर वर्षं ती कधी आजारी होती की नाही, मी सांगू शकत नाही. समोरच्या खुर्चीवर एक मुलगी आपल्या आईचा फॉर्म भरत होती. आई सांगत होती, ती लिहीत होती. मी मान फिरवली.

वहिनींना फोन केला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. फोन हातात घेतलाही. पण माझ्या आईची माहिती मी त्यांच्याकडून मागून घ्यायची, आणि त्या ती आनंदाने देणार, हे मला झालं नाही.

पाळी थांबल्याचं वय: पन्नास लिहिलं. अंदाजे. बाकी रकान्यांत, आम्ही ऑफिसात लिहितो तसं, निरंक.

मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक बघते. चोवीस वर्षं झाली. दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला वरच्या कार्यालयाला विवरण जातं: किती तक्रारी आल्या, किती फुटक्या जलवाहिन्या, किती अपघात. काही घडलं नसेल तर निरंक लिहायचं. रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे कारकून झोपला होता, असं आमचे जुने हेडक्लार्क सांगायचे. ३१ जुलैला दुपारी साडेतीन वाजता मी अपघातांच्या पुढे निरंक लिहीत होते तेव्हा दादाचा फोन आला. आईजवळ त्या वेळी वहिनी होत्या.

डॉक्टर चांगल्या आहेत, माझ्याहून लहान. तक्ता बघून म्हणाल्या, "इतकं व्यवस्थित मला कोणी आणून दिलं नाही." मी विचारलं, हार्मोनची रक्ततपासणी कधी करायची. त्या म्हणाल्या, या वयात आणि इतकी लक्षणं असताना ती लागत नाही. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत ते आकडे आज एक तर उद्या दुसरा असतात. पण रक्तस्राव जास्त आहे म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि गर्भाशयाच्या अस्तराची सोनोग्राफी करायची. मला जरा फसवल्यासारखं वाटलं. जे झालंय त्याचा कागद हातात हवा असतो माणसाला.

मग त्यांनी तिसरं पान उलटलं. "निरंक म्हणजे कोणालाच काही नाही?"

मी हो म्हटलं.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

वाफा सात. झोप तीन तास.

विवरण पाठवून अर्धी रजा घेतली. अहवाल आले. हिमोग्लोबिन कमी, लोहाच्या गोळ्या लागतील. थायरॉइड, साखर ठीक. अस्तर ठीक, दोन लहान गाठी आहेत, निरुपद्रवी. रक्तदाबही चांगला.

डॉक्टरांनी उपाय एकेक करून समजावले. वाफांसाठी आणि झोपेसाठी हार्मोन: गोळी, नाहीतर पट्टी किंवा जेल, आणि गर्भाशय आहे म्हणून त्याच्या जोडीला दुसरं हार्मोन. हार्मोन नको असेल तर वाफांवर वेगळी गोळी असते. रक्तस्राव फारच वाढला तर गर्भाशयात बसवायचं एक साधन. आणि समुपदेशन, म्हणजे कोणाशी तरी बोलायचं. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, मला बोलायला जमत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणूनच दोनदा सांगितलं."

गोळी की पट्टी, मी विचारलं. त्या म्हणाल्या, गोळी यकृतातून जाते म्हणून रक्त गोठण्याचा धोका थोडा वाढतो, पट्टीत तसं होत नाही. "मी पट्टीकडे झुकेन. पण तुमचं वजन बरं आहे, सिगारेट नाही, घरात कोणाला गुठळी नाही, तेव्हा गोळीही चालेल. काय सोयीचं वाटतं?"

मला पट्टी म्हटलं की वहिनी दिसल्या. कमरेखाली हात ठेवून हसणाऱ्या. मी गोळी म्हटलं.

एक छापील पत्रक दिलं: पोटरी दुखली, एकच पाय सुजला, धाप लागली, छातीत दुखलं तर त्याच दिवशी यायचं. घरी आल्यावर फाइलला लावलं.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

वाफा एक. झोप सहा तास, सलग.

वहिनी मागे म्हणाल्या होत्या की पट्टीचा फरक पडायला त्यांना दीड महिना लागला. मला दोन आठवडे लागले. आज ऑफिसात टायपिस्टबाईंना हे सांगितलं, न विचारता. त्या म्हणाल्या, "शर्यत आहे का?"

रविवार, २६ नोव्हेंबर

वाफा नाहीत. झोप सात तास.

दादाकडे गेले नाही. काम आहे म्हणून सांगितलं. काम नव्हतं. दादा फोनवर म्हणाला, "तुझी वहिनी आईचं कपाट आवरतेय, तुला काय काय हवं ते येऊन बघ." म्हणजे कपाट उघडून झालं. कुठल्या कप्प्यात काय होतं हे आता त्यांनाच माहीत.

मला आईचं काय हवं आहे हे मला सांगता येणार नाही. वस्तू नको आहेत. वहिनींना आई विचारायची, आज भाजी खारट झाली का गं. मला विचारायची, प्रवास नीट झाला ना. दोन गल्ल्यांचा प्रवास.

शुक्रवार, १ डिसेंबर

वाफा नाहीत. डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखतंय. काल विवरणासाठी दिवसभर खुर्चीवरून उठले नाही, त्याचं असावं. गरम पाण्याने शेकलं.

सोमवार, ४ डिसेंबर, हॉस्पिटल

कालचं लिहिते.

काल रविवारीही मी दादाकडे गेले नाही. पाय जड झाला होता. अकराच्या सुमाराला वहिनीच आल्या, हातात पिशवी. "तुम्ही येत नाही तर कपाट तुमच्याकडे आलं," म्हणाल्या. चहा ठेवायला मी उठले आणि दोन पावलांत त्यांचा आवाज बदलला.

"वन्सं, लंगडताय."

"बसून बसून पाय आखडलाय."

"दाखवा."

"काही नाही हो."

"दोन्ही पायांवर बसता की एकावर? दाखवा."

मी पाय पुढे केला. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगली दोन बोटं जाड दिसत होती, तांबूस, तकतकीत. वहिनींनी हात लावला आणि लगेच काढला. गरम होती. मला म्हणाल्या, "तुम्ही कुठलं औषध घेता?" मी सांगितलं. "पट्टी?" मी म्हटलं, गोळी. त्यांनी पायावरून नजर उचलली. मग म्हणाल्या, "डॉक्टरांना तुम्ही आईंचं सांगितलं नाही?"

"आईचं काय?"

त्यांनी माझी फाइल मागितली, दादाला गाडी घेऊन ये म्हणून फोन केला. मला जिना एकटीने उतरू दिला नाही.

पायाची डॉपलर तपासणी झाली. गुठळी आहे, गुडघ्याच्या वरपर्यंत गेलेली. फुप्फुसात गेलेली नाही. तपासणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, "आणखी चार दिवस शेकत बसला असतात तर काय झालं असतं ते मी सांगत नाही." हार्मोनची गोळी बंद. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू, पोटात, दिवसातून दोनदा.

हे सगळं होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो. तिथे वहिनींनी सांगितलं.

मी एकोणीस वर्षांची होते, वसतिगृहात, शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसले होते. आई एकोणपन्नासची. तिचा रक्तस्राव थांबत नव्हता, कोणीतरी हार्मोनच्या गोळ्या दिल्या, आणि महिन्याभरात पाय सुजला. अकरा दिवस हॉस्पिटलात होती. वहिनींच्या लग्नाला चार महिने झाले होते. रात्रंदिवस त्याच होत्या जवळ.

"मला कोणी का नाही कळवलं?"

"आईंनी बजावलं होतं. मुकीला कळवू नका, पेपर टाकून येईल. तुमच्या दादाने पत्र लिहिलं ना, आईचा पाय मुरगळलाय म्हणून. तेही आईंनीच सांगितलं त्याला, काय लिहायचं ते."

घरात मुकी मलाच म्हणतात. पत्र मला आठवतं. उत्तरात मी लिहिलं होतं, शेकत जा.

"आणि मागच्या हिवाळ्यात हाड मोडलं तेव्हा," वहिनी म्हणाल्या, "ती पोटातली इंजेक्शनं याचीच होती. पडून राहून पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून."

मी दर रविवारी जात होते. ट्रेमध्ये सिरिंज दिसायच्या. मला वाटायचं, हाडांची आहेत.

मी म्हटलं, "तुम्हाला सगळं सांगायची ती." आवाज मला हवा होता त्यापेक्षा वेगळा निघाला.

वहिनींनी फाइल मांडीवरून बाजूला ठेवली. मग त्याही जरा चिडूनच म्हणाल्या, "सांगायच्या नाहीत. मला दिसायचं. बेडपॅन कोण द्यायचं? तुम्ही रविवारी यायचात. सकाळी आठपासून घाई. चादर बदल, केस विंचरून दे, औषधं खाली सरकव, मुकी येईल. अठ्ठावीस वर्षं मी त्या घरात आहे. माझ्यासाठी त्या एकदाही केस विंचरून बसल्या नाहीत."

तेवढ्यात नर्सने माझं नाव पुकारलं.

बुधवार, ६ डिसेंबर, हॉस्पिटल

वाफा दोन. परत सुरू झाल्या.

वहिनींच्या डॉक्टरीणबाई इथेही येतात, त्याच आज तपासायला आल्या. वयस्कर आहेत, चष्मा साखळीला अडकवलेला. वहिनी बाजूला उभ्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद घेतला आणि पहिल्यापासून विचारायला लागल्या. आईची पाळी कितव्या वर्षी थांबली?

मी म्हटलं, "मला माहीत नाही. वहिनींना विचारा."

इतकं बोलायला मला फार वेळ लागला, असं नंतर वहिनी म्हणाल्या. मला वाटलं लगेच बोलले.

"बावन्न," वहिनी म्हणाल्या, आणि पुढची सगळी उत्तरं त्यांनीच दिली, तारखांसकट. मी माझ्या आईबद्दल नव्याने ऐकत होते. डॉक्टरीणबाईंनी एकदा हसून वहिनींना म्हटलं, "त्या माझ्याकडे आल्या होत्या तुमच्याबरोबर. मला म्हणाल्या, सुनेला पट्टीच द्या, गोळी देऊ नका. कारणही सांगितलं नाही, नुसत्या अडून बसल्या." वहिनींच्या अंगात आईचं रक्त नाही. तरी आईने त्यांना गोळी घेऊ दिली नाही. मी हे ऐकलं आणि आधी मला मत्सरच वाटला. मग मला वाटलं, मी विचारलं असतं तर मलाही सांगितलं असतं. पण मी विचारलं नसतं.

पहिल्या डॉक्टरांना फोनवर सगळं कळवलं. त्या म्हणाल्या, निरंक वाचल्यावर मी पुन्हा विचारायला हवं होतं. मी म्हटलं, तुम्ही विचारलं होतं.

पुढचं असं ठरलं: हार्मोन आता नाही. वाफांसाठी दुसरी गोळी, कमी मात्रेने. रक्त पातळ झाल्यावर पाळीत जास्त जाईल, तेव्हा ते गर्भाशयातलं साधन, पण रक्ताच्या डॉक्टरांना विचारून. समुपदेशन आहेच. मी बोलायला जमत नाही असं या वेळी म्हटलं नाही.

रविवार, १० डिसेंबर

वाफा तीन. झोप चार तास. पाय बराच उतरला.

काल घरी आले. इंजेक्शनं आणखी दोन दिवस, मग गोळ्या. मी स्वतः टोचून घेईन म्हणून नर्सकडून शिकले होते. काल संध्याकाळी सुई तीनदा पोटाला टेकवून मागे घेतली, चौथ्यांदा कशीबशी टोचली. कधीतरी वहिनींना फोन करावाच लागला असता. आज सकाळी आठला केला.

त्या आल्या, हात धुतले, खुर्ची ओढून समोर बसल्या. "वर करा."

मी कुणासमोर कधी कपडे वर केलेले नाहीत. डॉक्टर सोडून कुणी माझं पोट पाहिलेलं नाही. आईनेसुद्धा लहानपणानंतर नाही. खिडकीकडे बघत कुर्ता वर केला. पोटावर हॉस्पिटलातल्या सुयांचे निळे डाग होते. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. जिथे डाग नव्हता तिथली कातडी चिमटीत धरली. बोटं गार होती.

"आईला दुखायचं का?" मी विचारलं.

वहिनी थांबल्या. "माहीत नाही," म्हणाल्या. "दोन महिने रोज दोनदा टोचत होते. मी विचारायचे, दुखतंय का आई. त्या छताकडे बघायच्या आणि म्हणायच्या, तुझं आवर. एकदाही सांगितलं नाही." आणि मग, सुई तशीच धरून, "मला अजून कळत नाही, मी नीट टोचत होते की नाही."

म्हणजे हे त्यांनाही माहीत नव्हतं.

त्यांनी सुई टोचली. औषध आत जाताना आग होते, दहा आकडे मोजेपर्यंत. मी छताकडे बघत होते. चारपर्यंत मोजलं आणि खाली बघितलं.

"वहिनी, दुखतंय," मी म्हटलं.

"कुठे?" त्या लगेच म्हणाल्या. "सुईशी की आत?"

"आत. हळू सोडा."

"हळू सोडते," वहिनी म्हणाल्या, आणि अंगठ्याचा जोर कमी केला.